सोन्याचा कस आणि गुणांचे वजन

सोने आणि परीक्षेचा निकाल या दोन विषयांवर बोलणे झाले नाही, असे मराठी घर वर्षभरात सापडावयाचे नाही. पाडव्याला गुंजभर का होईना सोने घ्यावे ही आपली जुनी चाल. आणि उन्हाळा सरता सरता निकाल लागले म्हणजे कोणाला किती पडले याची शेजारीपाजारी चौकशी करावी, ही तितकीच जुनी खोड. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. परंतु सराफाच्या पेढीवरचे एक गणित आणि निकालपत्रिकेच्या तळाशी छापलेला एक आकडा यांची जात एकच आहे. त्या गणिताचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यात एक काटाही दडलेला आहे.

सरासरी काढणे आपल्याला सोपे वाटते. सगळे आकडे मिळवावे आणि जितके आकडे असतील तितक्यांनी भागावे, झाले. पण हे सोपेपण फसवे आहे. समजा, एखादी गृहिणी जुनी मोड घेऊन सराफाकडे गेली. पुरचुंडीत एक जाड पाटली आहे, एक तुटकी साखळी आहे, एक बाळलेणे आहे आणि एक अंगठी आहे. प्रत्येकाचा कस निराळा. हे सारे आटवून एक लगड केली तर तिचा कस काय येईल? चारही कसांची बेरीज करून चाराने भागले, तर जाड पाटलीवर अन्याय होईल; कारण तिचे सोने पुष्कळ असूनही तिचा शब्द चिमुकल्या बाळलेण्याइतकाच मोजला जाईल. म्हणून ज्याचे वजन जास्त, त्याच्या कसाला तितका जास्त मान द्यावयाचा. गणिताच्या पुस्तकात याला भारित सरासरी असे भारदस्त नाव आहे. सराफाला ते नाव ठाऊक नसले, तरी हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

हा हिशेब आपल्याकडे किती जुना आहे हे पाहावयाचे, तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’कडे जावे लागते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी आपला सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग. तीत सुवर्णगणित म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातील उदाहरण असे : चार तुकडे आहेत, त्यांची वजने १०, ४, २ आणि ४ मासे, आणि त्यांचे वर्ण, म्हणजे कस, अनुक्रमे १३, १२, ११ आणि १०. हे आटवून एक केले तर वर्ण किती? त्या काळी शुद्ध सोन्याचे वर्ण सोळा धरीत. आज आपण चोवीस कॅरट म्हणतो तसे. आचार्यांची रीत सरळ आहे. प्रत्येक तुकड्याचे वजन त्याच्या वर्णाने गुणावे, येणाऱ्या गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण वजनाने भागावे. १३० अधिक ४८ अधिक २२ अधिक ४० मिळून झाले २४०. एकूण वजन वीस मासे. म्हणून वर्ण बारा. नुसती बेरीज करून चाराने भागले असते तर साडेअकरा आले असते. हा अर्ध्या वर्णाचा फरक म्हणजे त्या जाड पाटलीला मिळालेला न्याय होय.

आचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. तेच वीस मासे सोने शोधून सोळा मासे उरले तर त्याचा वर्ण किती, असे ते पुढे विचारतात. मळ जळून गेला, पण खरे सोने होते तेवढेच राहिले. म्हणून २४० ला सोळाने भागावयाचे, उत्तर पंधरा. आणि पूर्ण सोळा वर्णाचे शुद्ध सोने करावयाचे असेल, तर किती उरेल? पंधरा मासे. शाळेत हे उदाहरण सांगताना माझ्या असे ध्यानात आले आहे की, ज्या मुलांना सरासरी या शब्दाने जांभई येते, ती सोने म्हटल्याबरोबर सावरून बसतात.

भास्कराचार्यांचे हे ग्रंथ नुसते कपाटात राहिले नाहीत, याला आपल्या खानदेशात दगडी पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी असलेला चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे एक मठ काढला, आणि १२०७ साली त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद या लेखात आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र मराठी येते. आठशे वर्षांमागे या डोंगराच्या पायथ्याशी बसून कोणी विद्यार्थी १३ गुणिले १० करीत होता, या कल्पनेने मला मोठा आनंद होतो.

हा हिशेब सोन्यापुरताच नव्हता. तो मातीलाही लागू होता. सातव्या शतकात, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने आपला ब्राह्मस्फुटसिद्धान्त रचला. त्यात खड्ड्याची सरासरी खोली काढण्याची रीत आहे. त्यावर नवव्या शतकातील टीकाकार पृथूदकस्वामी याने जे उदाहरण दिले आहे ते असे : तीस हात लांब आणि आठ हात रुंद अशी एक विहीर आहे. तिचे लांबीत पाच भाग पडले आहेत; ते ४, ५, ६, ७ आणि ८ हात लांबीचे. त्यांची खोली अनुक्रमे ९, ७, ७, ३ आणि २ हात. तर एकंदर सरासरी खोली किती? प्रत्येक भागाची लांबी त्याच्या खोलीने गुणून बेरीज केली की १५० होतात. तीसने भागले की उत्तर येते पाच हात, बरोबर.

मी हे उदाहरण एकदा वर्गात घातले आणि निम्म्या मुलांना खोदणारे मजूर केले, निम्म्यांना विहिरीचा मालक. मजुरांनी झटकन पाचही खोल्या मिळवल्या, २८ आले, पाचाने भागून ५.६ हात सांगितले आणि तेवढ्या मातीची मजुरी मागितली. मालक म्हणाले, पाचच. मग फळ्यावर हिशेब मांडला. तीस हात लांबी, आठ हात रुंदी आणि सहादशांश हाताचा फरक, म्हणजे १४४ घनहात मातीचे भांडण! न खोदलेल्या मातीचे पैसे मागितले जात होते. मजुरांच्या बाकांवरून एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, हाताची काठी आणा, मोजून बघू.” त्याचे म्हणणे मला फार आवडले. कारण या गणिताचे मर्म त्यातच आहे.

सोन्यात वजन कोण ठरवते? तराजू ठरवतो. विहिरीत लांबी कोण ठरवते? मोजकाठी ठरवते. सराफाच्या मनात आले म्हणून चार माशांचे दहा मासे होत नाहीत. आणि केलेच, तर शेजारच्या पेढीवर पुन्हा तोलून घेता येते. भास्कराचार्य काय आणि पृथूदक काय, त्यांच्या गणितातील वजने सृष्टीनेच दिलेली होती. म्हणून त्यांचे उत्तर निर्विवाद होते. परंतु हेच गणित ज्या दिवशी माणसाची पारख करण्यासाठी परीक्षेच्या दालनात शिरले, त्या दिवशी एक निराळाच प्रश्न उभा राहिला. इंग्रजीचे वजन किती मासे? गणिताचे किती? संस्कृताचे किती? हे तोलणारा तराजू कोणत्या पेढीवर मिळतो?

या प्रश्नाचे एक उत्तर १८५४ साली लंडनमध्ये दिले गेले, आणि त्याचा परिणाम हिंदुस्थानातील कित्येक तरुणांच्या आयुष्यावर झाला. तोपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीवर मिळत. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा, असे तरुण हेलीबरीच्या कॉलेजात दोन वर्षे काढून इकडे येत. १८५३ च्या कायद्याने ही वशिल्याची वाट बंद झाली आणि खुली स्पर्धा-परीक्षा घेण्याचे ठरले. परीक्षेची योजना करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे प्रमुख मेकॉले, आणि सभासदांत ऑक्सफर्डचे प्रसिद्ध पंडित बेंजामिन जॉवेट होते.

या समितीने विषयवार गुणांचा तक्ता तयार केला तो पाहण्यासारखा आहे. इंग्रजी भाषा, वाङ्मय आणि इतिहास मिळून १५००. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. फ्रेंच, जर्मन आणि इटालियन प्रत्येकी ३७५. गणित १०००. सृष्टिविज्ञान ५००, नीतिशास्त्र व तर्कशास्त्रादी विषय ५००. संस्कृत ३७५ आणि अरबी ३७५. एकूण ६८७५. उमेदवाराने हवे ते विषय घ्यावेत; सगळ्यांचे गुण मिळवून ज्याची बेरीज जास्त तो वर. वरून पाहता ही साधी बेरीज आहे; पण एका विषयाला १००० आणि दुसऱ्याला ३७५ गुण ठेवले की ती भारित सरासरीच झाली. वजन तक्त्यातच भरून ठेवले आहे. निकाल लावणाऱ्या कारकुनाला त्याचा विचार करावा लागत नाही.

समितीने हा तक्ता डोळे मिटून केला नव्हता. राज्यातील कोणत्याही एका भागाची किंवा एकाच तऱ्हेच्या शाळांची मक्तेदारी होऊ नये, अशी तिची स्पष्ट इच्छा होती. ऑक्सफर्डचा तरुण ग्रीक-लॅटिनमध्ये मुरलेला, केंब्रिजचा गणितात. म्हणून दोघांनाही वाव राहील असे माप तिने घेतले. दोन्ही न येणारा, पण युरोपच्या अर्वाचीन भाषा आणि विज्ञाने उत्तम जाणणारा उमेदवारही वर येऊ शकेल, याचीही काळजी घेतली. पुष्कळ विषयांची उडती ओळख करून घेऊन गुण जमवणाऱ्याला उत्तेजन मिळू नये, असेही बजावले. वशिल्याच्या मानाने हे मोठेच पाऊल होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पण या तराजूला ज्या पारड्या होत्या, त्या सगळ्या तिकडच्या. १८३३ च्या कायद्याने धर्म, जन्मस्थान किंवा वर्ण यांमुळे कोणाही हिंदी माणसाला सरकारी जागेस अपात्र ठरवू नये असे म्हटले होते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानेही तेच आश्वासन दिले. दार तर उघडे होते. मात्र त्या दाराशी तोलताना लॅटिनचे वजन ७५० आणि संस्कृताचे त्याच्या निम्मे! खुद्द भास्कराचार्य पुनर्जन्म घेऊन १८५५ सालच्या पहिल्या परीक्षेला बसले असते, तर गणिताने त्यांना तारले असते. पण ज्या भाषेत त्यांनी ते गणित श्लोकबद्ध केले, ती भाषा इटालियनच्या पंक्तीला बसली असती.

पुढे संस्कृत आणि अरबी यांचे गुण वाढवून प्रत्येकी ५०० करण्यात आले. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उत्तीर्ण झाले. मुलकी सेवेत शिरलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. रवींद्रनाथांचे हे वडील बंधू. त्यांची नेमणूक आपल्या मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले, आणि १८९७ साली साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते सेवानिवृत्त झाले. एवढा गुणी माणूस त्या तराजूतून पार पडला. आणि त्यांच्या यशानंतर थोड्याच अवधीत संस्कृत व अरबी यांचे गुण पुन्हा ५०० वरून ३७५ वर आणण्यात आले.

याचा अर्थ काय झाला, ते सराफाच्या पद्धतीने तोलून पाहू. एखाद्या हिंदी उमेदवाराने या दोन्ही विषयांत शेकडा साठ इतके लिहिले असे धरा. आधीच्या तक्त्याप्रमाणे त्याला ६०० गुण मिळाले असते. नव्या तक्त्याप्रमाणे ४५०. त्याने एक अक्षर कमी लिहिले नाही, परीक्षकाने एक चूक जास्त काढली नाही, आणि तरी दीडशे गुण नाहीसे झाले. ग्रीक आणि लॅटिन घेऊन तितकेच शेकडा साठ लिहिणारा शेजारचा उमेदवार मात्र ९०० वर आहे. दोघांच्या उत्तरपत्रिका प्रामाणिकपणे तपासल्या गेल्या, बेरजाही अचूक आहेत. अन्याय शोधावयाचा तर तो कोणत्याच उत्तरपत्रिकेत सापडणार नाही. तो तक्त्यात, परीक्षेच्या आधीच, घडून गेलेला आहे.

सत्येंद्रनाथांबरोबर विलायतेस गेलेले मनमोहन घोष दोनदा परीक्षेला बसले, पण त्यांना यश आले नाही. पुढे ते नामांकित बॅरिस्टर झाले. १८६६ साली लंडनमध्ये या खुल्या स्पर्धेवर एक पुस्तिका छापून त्यांनी हिंदी उमेदवारांची बाजू मांडली. वजनाबरोबर वयाचाही काटा सरकत होता. आरंभी वयाची मर्यादा तेवीस होती. ती १८६६ मध्ये एकवीसवर आणि १८७८ मध्ये एकोणीसवर आली. सातासमुद्रापलीकडे जाऊन परक्या भाषेत परीक्षा देणाऱ्या मुलाला एकेक वर्ष म्हणजे केवढे वजन, हे सांगावयास नको.

१८६९ साली चार हिंदी तरुण एकदम उत्तीर्ण झाले : सुरेंद्रनाथ बानर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि आपल्या मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. तेव्हा सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वयाच्या प्रश्नावरून यादीतून काढण्यात आली. खरी गोष्ट अशी की, आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत होती, आणि तिकडे पुरी झालेली वर्षे मोजतात. प्रकरण विलायतेतील वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले आणि दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली. यश मिळाल्यावरही मोजण्याची रीत कोणती यासाठी भांडावे लागले! पुढे दादाभाई नौरोजी प्रभृतींनी ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. १८९३ साली पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात तसा ठरावही झाला. पण प्रत्यक्षात ती येथे, अलाहाबादला, घेतली गेली ती १९२२ साली.

ही जुनी कहाणी मी आज का उगाळावी, असे कोणी विचारील. तर आपल्या मुलांच्या निकालपत्रिका एकदा बारकाईने पाहाव्या. महाविद्यालयांतून आता श्रेयांकांची पद्धत आहे. प्रत्येक विषयाला काही श्रेयांक आणि विद्यार्थ्याला त्या विषयात दहापैकी काही श्रेणीगुण. समजा, कोणा मुलीला चार श्रेयांकांच्या मराठीत ९, चार श्रेयांकांच्या अर्थशास्त्रात ६, दोन श्रेयांकांच्या पर्यावरणात १० आणि दोन श्रेयांकांच्या संगणकात ७ मिळाले. गुणाकार करून मिळवा : ३६, २४, २० आणि १४ मिळून ९४. एकूण श्रेयांक बारा. ९४ भागिले १२, म्हणजे ७.८३. घरातले काका बोटांवर हिशेब करून आठ म्हणतील आणि पत्रिका चुकली असे ठासून सांगतील. पत्रिका चुकलेली नाही. ती आचार्यांच्या रीतीने केलेली आहे. श्रेयांक म्हणजे मासे, आणि श्रेणीगुण म्हणजे वर्ण.

येथपर्यंत ठीक. पण मासे कोणी तोलले? मराठीला चार आणि पर्यावरणाला दोन हे काही तराजूने सांगितलेले नाही. कोठल्या तरी बैठकीत माणसांनी ठरवलेले आहे. ते अभ्यासाचे तास पाहून ठरवले असेल, चांगल्या बुद्धीने ठरवले असेल. माझी तक्रार त्यांच्या हेतूविषयी नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, तो निर्णय आहे, मोजमाप नव्हे. आपल्या दहावीच्या निकालात सहा विषयांपैकी उत्तम पाचांचे गुण धरण्याची पद्धत आली. तीत राहिलेल्या सहाव्या विषयाचे वजन शून्य होते. कोणाच्या बाबतीत तो गणित असतो, कोणाच्या बाबतीत इतिहास. या पद्धतीने पुष्कळ मुलांचा जीव हलका केला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि एखादा विषय वर्षाच्या आरंभीच मनातून सोडून देणारी मुलेही पाहिली आहेत.

मुले फार चाणाक्ष असतात. शिक्षक काय म्हणतात यापेक्षा तक्ता काय म्हणतो, हे ती आधी वाचतात. चित्रकला, खेळ, गाणे यांवर आम्ही संमेलनात कितीही सुंदर बोललो, तरी त्यांचे गुण सहसा बेरजेत धरत नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक असते. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो. कोणी हरकत घेत नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. ज्याला समाज वजन देतो, तेच मुले पाठीवर घेतात. मेकॉलेच्या तक्त्याने विलायतेतल्या शाळांना काय शिकवावे हे सांगितले. आमचे तक्ते आमच्या मुलांना काय सोडावे हे सांगतात.

म्हणून माझे पालकांना हात जोडून सांगणे आहे. निकालपत्रिकेवरचा शेवटचा आकडा पाहून मुलाची पारख करू नये. तो आकडा खोटा नसतो. पण तो दोन गोष्टींचा मिळून झालेला असतो. मुलाने काय केले ही एक, आणि मोठ्यांनी कशाला किती वजन दिले ही दुसरी. पहिलीचा जाब मुलाला जरूर विचारावा. दुसरीचा जाब मात्र तक्ते करणाऱ्यांना, म्हणजे आपल्यालाच, विचारला पाहिजे. आणि एखाद्या मुलाच्या ठिकाणी तक्त्यात नसलेला एखादा गुण असेल, आजारी आजीजवळ रात्र रात्र बसण्याचा, तुटलेला आकाशकंदील हाताने सांधण्याचा, भांडणारांची समजूत घालण्याचा, तर त्याला घरच्या तराजूत तरी पुरते वजन मिळावे. तेथे कोणत्याही समितीची संमती लागत नाही.